सहाचा मोठा चौकोन

नवऱ्याच्या व्हिसावर जपानमध्ये राहणाऱ्या बायकोला आठवड्यात ठरावीक तासच काम करता येतं. त्या तासांत आमच्या ओळखीतल्या बायका काय काय करतात! कुणी लहान मुलांना इंग्रजी शिकवते, कुणी ओजिमातल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये गल्ल्यावर बसते, कुणी कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात, फळ्यांवर जेवणाचे डबे मांडते. मी जुगार शिकवते. असं सांगितलं की समोरची आधी हसते, आणि मी हसत नाही हे पाहून विषय बदलते. आईला मी फोनवर 'संख्याशास्त्र शिकवते' एवढंच सांगितलंय. ते खोटंही नाही.

पुण्यात मी ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्रच शिकवायचे. नवऱ्याला कंपनीने तोयोसुच्या ऑफिसात दोन वर्षांसाठी पाठवलं, आणि ती दोन वर्षं काही संपली नाहीत. दर वर्षी तो दारात बूट काढता काढता म्हणतो, "आणखी एक वर्ष म्हणतायत." पहिल्या वेळी मी कडाकडा भांडले होते. दुसऱ्या वेळी रुसले. आता मी विचारते, भात गरम करू का. मुलगी इथल्याच शाळेत वाढली; मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, आणि दोघींचं बरं चाललंय.

तर अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, शोधताना मला एक जाहिरात दिसली होती: इंग्रजी आणि गणित दोन्ही येणारी व्यक्ती पाहिजे. गेले तर ती कसिनो डीलर घडवणारी शाळा निघाली. एका जुन्या इमारतीचा चौथा मजला, खाली दातांचा दवाखाना, वर ही हिरव्या कापडाची टेबलं. जपानमध्ये कसिनो अजून व्हायचाय. होणार, होणार असं मी आले तेव्हापासून ऐकतेय. तोवर इथे शिकलेले लोक परदेशी प्रवासी जहाजांवर नोकरीला जातात. शाळेत खरा पैसा नसतो, नुसत्या प्लास्टिकच्या चिपा, त्यामुळे सगळं कायद्यात बसतं. माझं काम दोन गोष्टी शिकवायचं: टेबलावर लागणारं इंग्रजी, आणि कुणी जिंकलं तर त्याला किती द्यायचे याचं गणित. पत्त्यांची टेबलं दुसऱ्यांकडे होती. फाशांचं टेबल माझ्या गळ्यात पडलं, कारण ते कुणालाच नको होतं.

फाशांचं गणित मला आवडायचं. आता आवडतं का, हे मी स्वतःला विचारत नाही. दोन फासे छत्तीस तऱ्हांनी पडतात. बेरीज सात यायच्या सहा तऱ्हा, सहा यायच्या पाच. पुढचं सगळं यातूनच निघतं. लोकांना वाटतं कसिनो लबाडी करतो. कशाला करेल? फासे खरे असतात, टेबल सरळ असतं. जिंकणाऱ्याला न्यायाने जेवढे मिळायला हवेत, त्यापेक्षा जरासे कमी द्यायचे, बस्स. या 'जराशा'ला हाऊस एज म्हणतात. मी मनात त्याला घराचा वाटा म्हणते. कसिनोला हे लोक घर का म्हणतात हे मात्र मला आजवर कळलेलं नाही.

आणि हा वाटा जागोजागी वेगळा. एकच खेळ, एकच खण, पण एका ठिकाणी बारा पडले की दुप्पट देतात, दुसऱ्या ठिकाणी तिप्पट, आणि कापडावरच्या तेवढ्या एका शब्दाने त्या खणावरचा घराचा वाटा निम्म्यावर येतो. खेळणारा दोन्ही ठिकाणी त्याच उत्साहाने खेळतो. असे सगळे प्रकार मी फळ्यावर मांडायचे. मुलं आकडे पाठ करायची आणि मोबाइल बघायची. त्यांना कशाला किती द्यायचे एवढंच हवं होतं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

मला खरी शिकवायला आवडायची ती सहाची गोष्ट. त्या टेबलाच्या कोपऱ्यात, खेळाडूच्या अगदी हाताशी, सहाचा एक मोठा चौकोन असतो, ठसठशीत लाल आकडा. तिथे चिप ठेवली की पैज अशी: सातच्या आधी सहा पडले तर तुम्ही जिंकलात. लावाल तेवढेच वर मिळतात. आता हीच पैज, अगदी हीच, टेबलाच्या पलीकडच्या बाजूच्या छोट्या खणातही लावता येते, आणि तिथे सहा चिपा लावल्या तर सात मिळतात. फासे तेच, सहा तेच, सात तेच. फरक एवढाच की छोट्या खणात खेळाडूने स्वतः चिप ठेवायची नसते, ती डीलरला सांगून ठेवून घ्यावी लागते. मोठ्या चौकोनात आपल्या हाताने ठेवता येते. म्हणजे ज्याला मागायचा संकोच वाटतो, त्याच्याकडून घर सहापट वाटा घेतं. हा सहापटीचा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासून पाहिला होता. पुष्कळ ठिकाणी हा चौकोन आता काढून टाकलाय. आमच्याकडे होता, कारण आमची मुलं ज्या जहाजावर जायची त्या जहाजावर तो होता.

त्या दिवशीही मी हे सांगितलं आणि फळा पुसायला वळले. मागून कुणीतरी हात वर केला होता. जपानी वर्गात हात वर झाला की मला अजूनही दचकायला होतं.

हात वर करणारी बाई वर्गात सगळ्यांत मोठी होती, माझ्याहूनही दोन-तीन वर्षांनी मोठी. केस मागे घट्ट बांधलेले, कोटाला इस्त्री. तिने उभं राहून विचारलं, "सेन्सेई, मग गिऱ्हाईक या चौकोनात का ठेवतं?"

"माहीत नसतं म्हणून," मी म्हटलं.

"आणि आपण सांगत नाही?"

"नाही सांगत."

ती 'हाय', म्हणजे हो, म्हणून खाली बसली. बाकीचे तोवर पुढच्या आकड्याची वाट बघत होते.

शाळा सुटल्यावर आमची गाडी एकच निघाली. मी ओजिमाला उतरायचे, ती पुढे फुनाबोरीला. दोघी दमलेल्या असायचो, त्यामुळे बसायला मिळालं की बोलणं व्हायचंच असं नाही, पण हळूहळू तिची सगळी गोष्ट मला कळली. एका गावातल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये चिनी मातीच्या भांड्यांच्या विभागात तिची उमर गेली होती. शाळा संपताच लागली ती दुकान बंद होईपर्यंत. दुकान बंद झालं, भाड्याचं घर सोडावं लागलं, आणि ती भावाच्या घरी फुनाबोरीला आली. भाऊ-वहिनी वाईट नव्हते. ज्या खोलीत ते कपडे वाळत घालायचे आणि सायकलचे पंप ठेवायचे, ती खोली त्यांनी तिला दिली होती. सकाळी वहिनी कपडे वाळत घालायला यायची तेव्हा ती अंथरूण गुंडाळून उभी राहायची. या वयात नोकरी कुणी देत नव्हतं. दिली तरी तासावारी. जहाजाची नोकरी मात्र पक्की होती, करार होता, जेवण होतं, आणि झोपायला केबिन.

"केबिनला आतून कडी असते ना?" तिने मला एकदा विचारलं.

मला काय माहीत. मी म्हटलं, असणारच.

तेव्हापासून मला ती पास व्हावी असं फार वाटायला लागलं. असं मला सहसा कुणाबद्दल वाटत नाही. मुलं येतात, पाठ करतात, जातात. पण तिचे हात बघत राहावे असे होते. आयुष्यभर कपबश्या कागदात गुंडाळलेले हात. चिपांची चळत उचलताना आवाजसुद्धा यायचा नाही. फासे पडले की कुणाला किती, हे तिच्या तोंडून माझ्याआधी यायचं. इंग्रजी वाक्यं मी तिला गाडीत घोकून घ्यायचे. ती प्रत्येक वाक्य खालच्या आवाजात म्हणायची आणि समोरचे लोक डोळे मिटून घ्यायचे.

जहाजाच्या कंपनीकडून परीक्षा घ्यायला एक बाई आली. परदेशी, तरुण, मोकळी, सगळ्यांना नावाने हाक मारणारी. परीक्षा म्हणजे खोटा खेळ: शाळेचे मुख्याध्यापक गिऱ्हाईक व्हायचे, विद्यार्थ्याने टेबल चालवायचं. आमचे मुख्याध्यापक एरवी अगदी हळू बोलणारे गृहस्थ, पण हे काम ते फार रंगून करायचे. टाय सैल करून, थोडे झुलत, चार पेले झालेला माणूस ते असा उभा करायचे की मुलांना हसू आवरायचं नाही.

तिचा नंबर आला. सुरुवात उत्तम झाली. परीक्षक बाईंनी दोनदा मान हलवली, मी मागे भिंतीशी उभी राहून सुटकेचा निःश्वास टाकला. मग मुख्याध्यापकांनी झुलत झुलत एक चिप घेतली आणि सहाच्या मोठ्या चौकोनात ठेवली.

ती थांबली. उजवा हात, तळवा वर करून, तिने हळूच त्या छोट्या खणाकडे नेला, कमरेतून किंचित वाकली, आणि म्हणाली, "सर, हीच पैज इथे लावलीत तर तुम्हाला जास्त परवडेल. मी ठेवून देऊ का?"

तेही मी घोकून घेतलेल्या बिनचूक इंग्रजीत.

मुख्याध्यापक झुलायचे थांबले. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. काय झालंय हे त्या खोलीत एकट्या तिलाच कळलं नव्हतं. ती अजून वाकूनच उभी होती, गिऱ्हाइकाच्या उत्तराची वाट बघत.

जहाजाचा नियम सरळ होता. गिऱ्हाइकाने विचारलं तर खेळ समजावायचा. कुठे लावा, कुठे लावू नका हे आपण होऊन सांगायचं नाही. हा नियम मीच वर्गात वाचून दाखवला होता आणि तिला तो पाठही होता. परीक्षक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हात तर सगळ्यांत चांगले आहेत तिचे. पुढच्या आठवड्यात मी परत येणार आहे. तोवर तिला गप्प राहायला शिकवा." भली बाई होती, एवढी सवलत दुसऱ्या कुणी दिली नसती.

गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी रागावलेच होते, पण जपानीत रागावायचं म्हणजे आधी वाक्य जुळवायला लागतं, आणि तोवर राग शिळा होतो. मी एवढंच विचारलं, "नियम माहीत होता ना तुम्हाला?"

"माहीत होता," ती म्हणाली. "पण हात आधीच गेला होता."

मग तिने मला दुकानातलं सांगितलं. गिऱ्हाइकाने चहाचा सेट उचलला, आणि तोच सेट सोमवारपासून वरच्या मजल्यावर सवलतीत लागणार असला, तर त्याला ते सांगायचं, अशी रीतच होती. त्याला हवी ती वस्तू आपल्याकडे नसली तर समोरच्या दुकानात कुठे मिळेल ते सांगायला त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत जायचं. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. "तुम्ही फळ्यावर ते दोन खण काढलेत ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, हे तर मला येतं."

ओजिमा आलं म्हणून मी उतरले. 

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "तू त्यांना एवढं खोलात शिकवतेसच कशाला? पेआउट पाठ करून घे आणि सोड. आमच्याकडे क्लायंटला सिस्टीम आतून कशी चालते ते कुणी सांगतं का?" मला जेवण गोड लागेना, कारण तो बरोबर बोलत होता. मुलगी फोनमधून डोकं वर न काढता जपानीत म्हणाली, "सांगितलं तर काय बिघडतं?" मी तिच्या ताटात भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला चहा दिला. इथे आपण होऊन कुणी चहा दिला की काहीतरी ऐकून घ्यायचं असतं. त्यांनी आधी माझ्या शिकवण्याचं कौतुक केलं, मग माझी तब्येत विचारली, मग म्हणाले की घराच्या वाट्याचा तो भाग फारच उत्तम आहे, फक्त पुढच्या सत्रापासून तो जरा हलका करता आला तर बघूया. 'हलका' म्हणजे काढून टाका. मी बरं म्हटलं. एकेकाळी मी अशा वेळी वाद घातला असता, संख्याशास्त्राच्या बाजूने उभी राहिले असते. त्या दिवशी मला नुसतं घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. चहा मात्र चांगला होता.

त्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घ्यायचे. मी गिऱ्हाईक, ती डीलर. मी चौकोनात चिप ठेवायची, तिने काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बोलायची थांबली, पण तिची नजर त्या छोट्या खणाकडे जायची. अशी जायची की आंधळ्यालाही कळावं. मी म्हणायचे, "नजर." ती मान लववायची. मी परत ठेवायचे, नजर परत जायची.

"समोरचा मोठा माणूस आहे," मी तिला समजावलं. "त्याला वाचता येतं. त्याला हवं तर तो विचारेल."

"विचारत नाहीत, सेन्सेई. बहुतेक लोक विचारत नाहीत," ती म्हणाली. "भांड्यांच्या विभागात मी तेच बघितलं. हात लावून बघतात, किंमत बघतात, आणि न विचारता निघून जातात. विचारणारा माणूस कधी फसत नाही. त्याची मला काळजी नसते."

मी इथे आल्यापासून काय काय विचारलं नव्हतं, ते सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात गर्दी करून आलं. नवऱ्याला मी कधी नीट विचारलं नाही की आपण परत कधी जायचं. कंपनीने त्याच्यापुढे काय ठेवलं, त्याने काय मागितलं, हेही नाही. समोर जे ठसठशीत लिहिलेलं दिसलं त्यावर मी आपली वर्षं ठेवत गेले. हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. उलट मला तिचाच राग आला. दमलेल्या माणसाचा राग कुणावरही निघतो.

"तुम्हाला ती केबिन हवी आहे की नको?" मी विचारलं. जपानीत हे फार उघडं, उद्धट वाक्य होतं. मुद्दाम मऊ केलं नाही.

तिने मान खाली घातली. "हवी आहे," ती म्हणाली. एवढ्या हळू, की मला वाटलं आता रडते. रडली नाही. मग तिनेच विचारलं, "मी कुठे बघू?"

"फाशांकडे बघा. गिऱ्हाईक काय करतं ते बघूच नका. फासे पडले की आकडा बोला आणि चिपा उचला."

ती फाशांकडे बघायला लागली. शुक्रवारपर्यंत तिला ते जमलं. मी तिची पाठ थोपटली, जी इथे कुणी थोपटत नाही, आणि ती दचकली.

परीक्षक बाई परत आल्या. टेबल मांडलं, फासे तपासले. मुख्याध्यापक टाय सैल करायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "नको. दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकासमोर कुणीही गप्प राहतं. मला शांत गिऱ्हाईक पाहिजे. पहिल्यांदाच आलेलं, घाबरलेलं." आणि त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही या. तुम्ही अगदी तशा दिसता."

मुख्याध्यापक हसले, मीही हसले. अभिनय करायची मला काही गरजच नव्हती.

मी टेबलाशी उभी राहिले. समोर ती. माझ्यापुढे चिपांची छोटी चळत, डाव्या हाताशी तो चौकोन. परीक्षक बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की सुरुवातीला इकडे तिकडे लावा, आणि मग तिथे. मी तसंच केलं. तिचे हात चालत होते, आवाज स्थिर होता. मग मी एक चिप उचलली. खरं सांगायचं तर ती ठेवायच्या आधी मी थांबले. मनात मी तिला म्हणत होते, गप्प राहा, बाई, काही बोलू नका, तुमची केबिन यावर आहे. आणि तितक्याच जोराने मला वाटत होतं की तिने बोलावं. इतक्या वर्षांत इथे मला आपण होऊन कुणी म्हटलं नव्हतं, तिथे नको, इथे ठेवा, तुम्हाला जास्त परवडेल. एकदा तरी कुणी म्हणावं, मग ते खोट्या टेबलावर खोट्या चिपेबद्दल का असेना, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची मला लाजही वाटली.

मी चिप चौकोनात ठेवली.

तिने माझ्याकडे पाहिलं. फाशांकडे नाही, सरळ माझ्याकडे. मग तिने नजर खाली नेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पैजा लागल्या." फासे फिरले. आधी नऊ, मग चार, मग सात. तिने आकडा सांगितला, हात पुढे केला, माझी चिप उचलली आणि चळतीवर ठेवली. आवाजसुद्धा झाला नाही. परीक्षक बाईंनी मला खूण केली, परत ठेवा. मी परत ठेवली. परत गेली. तिसऱ्यांदा मी जिंकले, आणि तिने मला मी लावली होती तेवढीच, एकच चिप, बिनचूक सरकवून दिली.

"सुरेख," परीक्षक बाई म्हणाल्या, आणि कागदावर सही केली. जहाज महिनाअखेरीस निघणार होतं.

मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनीही. मला मनापासून आनंद झाला. उगीच नाही म्हणणार नाही. मला तिच्या भावाच्या घरातली ती वाळत घातलेल्या कपड्यांची खोली डोळ्यांपुढे आली आणि वाटलं, सुटली एकदाची. तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, परीक्षक बाईंना दोनदा. कपडे बदलून ती आली तोवर मी लिफ्टपाशी उभी होते. लिफ्ट खाली दातांच्या दवाखान्यापाशी अडकून बसली होती.

"आता निवांत झोपा," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. मग लिफ्टच्या दरवाज्याकडे बघत तिने विचारलं, "सेन्सेई, आज तुम्ही होतात. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, म्हणून मला जमलं. ज्यांना ठाऊक नाही असे येतील, तेव्हा मी काय करू?"

मला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. पण मी फार दमले होते, आणि नियमांच्या पुस्तकात जे होतं तेवढंच मला आठवलं.

"हसायचं," मी म्हटलं. "काही बोलायचं नाही. नुसतं हसायचं."

तिने तिथेच, लिफ्टसमोर, सरळ उभं राहून हसून दाखवलं. अंग जरा पुढे, मान किंचित कललेली, ओठ मिटलेले. मग तसंच हसत तिने विचारलं, "असं?"

हसू अगदी बिनचूक होतं. मी म्हटलं, हो, असंच.